डोळ्यांचे बाहेरचे कोपरे वर घेण्याची शस्त्रक्रिया : माहिती आणि अनुभव हवे आहेत

कस्तुरी_जुळेसोलापूर | 11 मार्च, रात्री 8:42

नमस्कार. मी सोलापुरात एका सहकारी बँकेत नोकरी करते आणि माझे वय 29 आहे. माझ्या दोन्ही डोळ्यांचे बाहेरचे कोपरे आतल्या कोपऱ्यांपेक्षा किंचित खाली उतरलेले आहेत, त्यातही उजवा जरा अधिक. "झोप झालेली दिसत नाही" हे वाक्य मी शाळेपासून ऐकत आले आहे आणि आता काउंटरवर बसल्यावर खातेदारांकडूनही ऐकते. त्यामुळे हा विचार समाजमाध्यमांवरच्या कुठल्या लाटेने डोक्यात आलेला नाही, तो जुना आहे.

अलीकडे पुण्यातील एका सौंदर्यशस्त्रक्रिया केंद्रात सल्ल्यासाठी गेले होते. तेथे कॅन्थोप्लास्टी सुचवण्यात आली. बाहेरचा कोपरा कापून मोकळा करायचा, थोड्या वरच्या जागी हाडाच्या कडेला टाक्याने बांधायचा आणि त्याच वेळी खालच्या पापणीतील चरबीही काढायची, अशी योजना होती. संगणकावर माझेच छायाचित्र बदलून दाखवण्यात आले आणि ते छान दिसत होते, हे मान्य करते. मात्र माझ्या डोळ्यांची म्हणावी तशी तपासणी झाली नाही आणि धोक्यांविषयी विचारल्यावर "किरकोळ प्रक्रिया आहे" एवढेच उत्तर मिळाले.

मला जाणून घ्यायचे आहे की या शस्त्रक्रियेत नेमके काय केले जाते, तिचा परिणाम किती टिकतो, काय बिघडू शकते आणि ती नेत्रशल्यचिकित्सकाने करावी की प्लास्टिक सर्जनने. आपल्याकडचा उन्हाळा आणि धूळ पाहता वर्षातील कोणता काळ योग्य, हाही प्रश्न आहे. "आहे तो चेहरा छान आहे" हे घरी ऐकून झाले आहे, त्यामुळे कृपया त्यापलीकडचे सांगावे.

नवीपेठ_छायाचित्रकार | 11 मार्च, रात्री 10:15

ताई, वैद्यकीय बाजू जाणकार सांगतीलच. मी लग्नसमारंभांची छायाचित्रे काढतो, त्या अनुभवावरून एक गोष्ट आधी तपासून पाहा असे सुचवतो. डोळ्याचा बाहेरचा कोपरा चेहऱ्यात आतल्या कोपऱ्याच्या मागे असतो, दोन्ही एका पातळीत नसतात. त्यामुळे हनुवटी थोडी खाली घेतली, किंवा कॅमेरा थोडा वर धरला, की बाहेरचे कोपरे वर चढलेले दिसतात. हनुवटी वर केली की तेच कोपरे उतरलेले दिसतात. नवरीला "मान जरा खाली, नजर माझ्याकडे" असे आम्ही सांगतो, त्याचे निम्मे कारण हेच आहे.

दुसरे म्हणजे हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीवर विसंबू नये. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या 2018 मधील अभ्यासात असे गणित मांडले होते की 12 इंचांवरून काढलेल्या छायाचित्रात नाक, 5 फुटांवरून काढलेल्या छायाचित्राच्या तुलनेत, सुमारे 30 टक्के रुंद दिसते. नाक मोठे होते तेव्हा चेहऱ्याच्या कडेचे भाग, म्हणजे डोळ्यांचे बाहेरचे कोपरेही, मागे सरल्यासारखे दिसतात. साध्या उजेडात, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवून, पाच-सहा फुटांवरून, चेहरा सरळ ठेवून कोणाकडून तरी छायाचित्र काढून घ्या आणि दोन्ही आतल्या कोपऱ्यांमधून आडवी रेघ ओढून पाहा. फरक खरोखर किती आहे ते त्यातून कळेल.

निवृत्त_नेत्रवैद्य | 12 मार्च, सकाळी 7:30

छायाचित्रकारांची सूचना योग्य आहे. शस्त्रक्रियेपूर्वीची अधिकृत छायाचित्रेही साधारण तशीच, डोके स्थिर ठेवून आणि ठराविक अंतरावरून घ्यायची असतात.

मी स्वतः पापण्यांच्या शस्त्रक्रिया बरीच वर्षे केल्या, मात्र त्या प्रामुख्याने उपचारासाठी होत्या. त्या नजरेतून जरा विस्ताराने लिहितो.

वरच्या आणि खालच्या पापणीत एकेक ताठ पट्टी असते, तिला टार्सस म्हणतात. या दोन्ही पट्ट्यांची बाहेरची टोके एकत्र येऊन एक चिवट बंध तयार होतो आणि तो गालाच्या हाडावरील एका लहानशा उंचवट्याला चिकटतो. या उंचवट्याला व्हिटनॉलचे नाव दिलेले आहे. तो डोळ्याच्या खोबणीच्या कडेवर नसून कडेच्या आत, काही मिलिमीटर मागे असतो, आणि साऱ्या शस्त्रक्रियेचे मर्म येथे आहे. बंध मागे ओढलेला असल्यामुळेच पापणी नेत्रगोलाला लपेटून बसते. शस्त्रक्रियेत टाका कडेच्या पुढच्या बाजूला घातला गेला, तर कोपरा वर जातो, छायाचित्रात चांगलाही दिसतो, पण पापणी नेत्रगोलापासून सुटते. मग त्या फटीत अश्रू साचतात आणि डोळा सतत ओलसर, चुरचुरता राहतो. डोळे मिटताना पापण्या बाहेरून नाकाच्या दिशेने मिटत जातात आणि अश्रू आतल्या कोपऱ्यातील छिद्रांकडे ढकलले जातात. म्हणजे बाहेरचा कोपरा हा या हालचालीचा आधार आहे. तो ढिला किंवा चुकीच्या जागी असेल, तर अश्रूंचा निचरा बिघडतो.

बहुतेक माणसांत बाहेरचा कोपरा आतल्यापेक्षा साधारण 2 मिलिमीटर वर असतो. अनेकांत दोन्ही एका पातळीत असतात आणि काहींत बाहेरचा खाली असतो. हे बव्हंशी हाडाच्या ठेवणीवर अवलंबून असते आणि तो दोष नव्हे. ट्रीचर कॉलिन्स यांसारख्या जन्मजात विकारात गालाचे हाडच अपुरे वाढलेले असते आणि डोळे बाहेर स्पष्ट कलतात, ती गोष्ट निराळी.

आता शस्त्रक्रिया. कॅन्थोपेक्सीत बंध कापत नाहीत. तो टाक्याने आवळून हाडावरील आवरणाला पकडतात. कॅन्थोप्लास्टीत कोपरा उघडून, बंधाचा खालच्या पापणीकडील पाय सोडवून, गरजेप्रमाणे पापणी आखूड करून नव्या जागी बसवतात. अँडरसन आणि गॉर्डी यांनी 1979 मध्ये मांडलेली टार्सल स्ट्रिप ही पद्धत या दुसऱ्या प्रकारात मोडते आणि सैल पडलेल्या किंवा बाहेर वळलेल्या पापणीसाठी ती आजही जगभर वापरली जाते. म्हणजे तंत्र जुने आणि भरवशाचे आहे. मात्र ते सैल पापणी घट्ट करण्यासाठी घडवले गेले, हे विसरू नये. 29 वर्षांच्या निरोगी पापणीत सैलपणा नसतो. तेथे कोपरा वर न्यायचा म्हणजे व्यवस्थित ताणलेली गोष्ट सोडवून, निसर्गाने दिलेल्या जागेच्या विरोधात, दुसरीकडे बांधून ठेवायची. ऊती हळूहळू मूळ जागेकडे ओढ घेतात. म्हणूनच शल्यचिकित्सक कोपरा मुद्दाम थोडा जास्त वर बसवतात आणि पुढील काही महिन्यांत तो किती उतरेल हे कोणीही मिलिमीटरमध्ये सांगू शकत नाही. दोन्ही बाजू सारख्याच उतरतील, हेही नाही.

आणखी एक मुद्दा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काहींचे नेत्रगोल गालाच्या हाडापेक्षा पुढे असतात. बाजूने पाहिल्यास बुबुळाचा पुढचा बिंदू गालाच्या पुढे येतो. अशा चेहऱ्यात खालची पापणी आवळली, तर ती वर न जाता नेत्रगोलाखाली घसरते; पोट सुटलेल्या माणसाने पट्टा घट्ट केला की तो पोटावर न राहता खाली सरकतो, तसेच. परिणामी बुबुळाखालचा पांढरा भाग अधिक दिसू लागतो आणि ज्यासाठी शस्त्रक्रिया केली त्याच्या नेमके उलट घडते. आपल्याला केंद्रात बाजूने तपासले होते का?

माहेर_बार्शी | 12 मार्च, दुपारी 2:05

माझी शस्त्रक्रिया वेगळ्या कारणाने झाली, तरी कोपऱ्याचा अनुभव सांगण्यासारखा आहे. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी खालच्या पापण्यांतील फुगवटे कमी करण्यासाठी मी ब्लेफरोप्लास्टी करून घेतली. पापणी थोडी सैल आहे, नुसती त्वचा काढली तर ती खाली ओढली जाईल, म्हणून सोबत कॅन्थोपेक्सी करावी लागेल, असे डॉक्टरांनी आधी समजावून सांगितले होते. अंगठा आणि तर्जनीने पापणी पुढे ओढून ती नेत्रगोलापासून किती दूर येते आणि सोडल्यावर पापणी न मिटता किती लवकर परत बसते, हे त्यांनी तपासले. अश्रूंसाठी कागदी पट्टीची तपासणीही झाली.

शस्त्रक्रिया भुलीचे इंजेक्शन आणि गुंगीचे औषध देऊन झाली. दुखले फारसे नाही. मात्र डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचे आवरण जेलीसारखे फुगले आणि ती सूज अनेक आठवडे हटली नाही. थेंब, रात्री मलम आणि पापणीला पट्टी, असा क्रम चालू होता. डावा कोपरा उजव्यापेक्षा वर, डोळे ताणल्यासारखे, आणि समोरचा माणूस आपल्या डोळ्यांकडेच पाहतो आहे असे सतत वाटणारे मन. हे सगळे पुढे निवळले आणि आज मला परिणाम आवडतो. पण शस्त्रक्रियेपूर्वी मला कोणी "पंधरा दिवसांत कामावर" असे सांगितले असते, तर मी त्या काळात नक्कीच खचले असते. ताई, बँकेत सुट्टी कमी मिळते, हे धरून चाला.

सत्यवचन | 12 मार्च, दुपारी 4:20

देवाने दिलेला चेहरा कापून घेण्याइतका पैसा लोकांकडे आहे, याचे नवल वाटते.

कस्तुरी_जुळेसोलापूर | 12 मार्च, रात्री 9:10

सत्यवचनजी, पैसा माझा आहे आणि दात सरळ करून घेण्यासाठी तार लावलेल्यांना हा प्रश्न कोणी विचारत नाही.

डॉक्टरसाहेब, आपण इतके सविस्तर लिहिलेत याबद्दल आभार. मला बाजूने कोणीही तपासले नाही. घरी बहिणीकडून बाजूचे छायाचित्र काढून घेतले. माझे डोळे गालापेक्षा थोडे पुढेच दिसतात. समोरून काढलेल्या छायाचित्रात रेघ ओढली, तेव्हा उतार मला वाटत होता त्यापेक्षा बराच कमी निघाला. उजव्या बाजूला मात्र तो आहे.

अक्कलकोट_रोड | 13 मार्च, सकाळी 11:00

याच शस्त्रक्रियेची दुसरी बाजू सांगतो. माझ्या वडिलांनी आयुष्यभर टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर काम केले. काही वर्षांपूर्वी त्यांच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूची नस निकामी झाली आणि ती पूर्ववत झालीच नाही. उजवी खालची पापणी लोंबून बाहेर वळली, डोळा नीट मिटेना. दिवसभर पाणी गळायचे, रात्री डोळा उघडा राहायचा आणि कारखान्यातील सुताच्या धुळीने तो लालबुंद व्हायचा. बुबुळावर जखम झाली तेव्हा डॉक्टरांनी बाहेरचा कोपरा घट्ट करून वर बांधण्याची शस्त्रक्रिया केली, म्हणजे नेत्रवैद्यांनी वर सांगितलेली टार्सल स्ट्रिपच. वरच्या पापणीसाठी वेगळे उपाय करावे लागले. शस्त्रक्रियेनंतर त्यांचा डोळा आरशात सुंदर दिसतो असे मी म्हणणार नाही. तो मिटतो, एवढे पुरे आहे.

हे सांगण्याचे कारण असे की आपल्या भागात वयस्कर माणसे डोळ्यातून पाणी येणे, पापणी बाहेर वळणे हे म्हातारपण म्हणून अंगावर काढतात. रुमालाने डोळा वरून खाली पुसत राहिल्याने पापणी आणखी ओघळते. येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेत्रविभाग आहे, निदान तेथे दाखवून तरी यावे.

निवृत्त_नेत्रवैद्य | 13 मार्च, दुपारी 1:15

अगदी योग्य. पुसायचेच असेल तर नाकाच्या दिशेने आणि किंचित वर, हलक्या हाताने पुसावे. कुष्ठरोगातही चेहऱ्याची नस बाधित होऊन असेच होते. तेथे बुबुळाची संवेदनाही कमी झालेली असेल, तर रुग्णाला जखम झाल्याचे कळतही नाही.

वकील_रेल्वेलाइन्स | 13 मार्च, सायंकाळी 6:50

अक्कलकोट रोडकरांच्या वडिलांची आणि कस्तुरीताईंची शस्त्रक्रिया हातांच्या हालचालींच्या दृष्टीने सारखी असली, तरी कायद्याच्या आणि खर्चाच्या दृष्टीने त्या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आरोग्यसेवा जीएसटीतून मुक्त आहे, पण सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया त्या मुक्ततेत येत नाही; तिच्यावर 18 टक्के कर लागतो. जन्मजात दोष, वाढीतील विकृती, इजा किंवा अपघात यांमुळे बिघडलेली शरीररचना किंवा कार्य पूर्ववत करण्यासाठी शस्त्रक्रिया असेल, तर मुक्तता कायम राहते. म्हणून केंद्राने सांगितलेल्या रकमेत कर धरला आहे की नाही, हे लेखी घ्यावे. आरोग्य विम्याचेही तसेच आहे. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाण अपवादांमध्ये रूप बदलण्यासाठीची शस्त्रक्रिया समाविष्ट आहे, मात्र अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना किंवा वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार त्यातून वगळलेले आहेत. बँकेच्या गटविम्यावर विसंबून कोणी दाखल होऊ नये. "पापणी सैल आहे असे कागदावर लिहून देतो, विमा मिळेल" असा प्रस्ताव आला तर तो डॉक्टर टाळावा. खोट्या कागदावर सही त्याची असते आणि अडचणीत दोघेही येतात.

संमतिपत्र आपल्याला समजणाऱ्या भाषेत मागण्याचा अधिकार आहे. त्यात प्रक्रियेचे नाव, पर्याय, धोके आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रिया कोण करणार त्याचे नाव असावे. ते आदल्या रात्री घरी वाचायला मिळावे, शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी नव्हे. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या 2002 च्या विनियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर वैद्यकीय नोंदी 72 तासांत द्याव्या लागतात. शस्त्रक्रियेपूर्वीची छायाचित्रे स्वतःकडे असू द्यावीत, कारण पुढे वाद झालाच तर "आधी असेच होते" या उत्तराला दुसरे प्रत्युत्तर नसते. पैसे मोजून घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच स्पष्ट केलेले आहे आणि तक्रारीची मुदत सामान्यतः दोन वर्षांची आहे. तरीही हे सांगतो की मनासारखा आकार न येणे म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, आणि अशी प्रकरणे जिंकणे कठीण जाते.

काका_होटगीरोड | 14 मार्च, सकाळी 9:25

विषयाला धरूनच विचारतो. माझा पुतण्या 19 वर्षांचा आहे. तो मोबाइलवर स्वतःच्या डोळ्यांचा "टिल्ट", म्हणजे कोपऱ्यांचा उतार, अंशांत मोजतो, मुलग्यांच्या डोळ्यांचे कसले कसले प्रकार सांगतो आणि आपले डोळे "उणे" आहेत म्हणून फोटो काढू देत नाही, लग्नसमारंभाला येत नाही. तोही हीच शस्त्रक्रिया मागतो आहे. दोऱ्याने डोळे वर ओढण्याची स्वस्त प्रक्रिया आहे, ती तरी करू द्या म्हणतो. काय करावे?

निवृत्त_नेत्रवैद्य | 14 मार्च, सकाळी 10:40

काकासाहेब, दोऱ्याविषयी आधी. ते विरघळणारे दोरे असतात. पीडीओ नावाचा पदार्थ साधारण सहा महिन्यांत शरीरात जिरतो. हे दोरे कानशिलाकडची त्वचा आणि भुवईचे टोक ओढतात, डोळ्याचा कोपरा हाडाला जेथे चिकटलेला आहे तेथे त्यांचा काहीच अधिकार चालत नाही. परिणाम काही महिन्यांचा असतो. त्वचेला खळगा पडणे, दोरा हाताला लागणे, जंतुसंसर्ग हे त्यासोबत येऊ शकते. 2020 च्या सुमारास कोल्ह्यासारख्या तिरक्या डोळ्यांची जी हवा पसरली, ती प्रामुख्याने या दोऱ्यांवर आणि मेकअपवर चालली. बोटॉक्सने भुवईचे टोक थोडे वर येते, ते तीन-चार महिने टिकते. कानशिलात किंवा भुवईत फिलर, म्हणजे उठाव आणण्यासाठी त्वचेखाली टोचायचा जेलसारखा पदार्थ, भरणे ही गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नये, कारण डोळ्याच्या आसपास फिलर रक्तवाहिनीत गेल्यास दृष्टी जाण्याचे प्रकार जगभर नोंदले गेले आहेत.

पुतण्याचे म्हणाल तर त्याला आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. इतरांना जो दोष दिसत नाही किंवा नगण्य वाटतो, त्याच्या विचाराने माणूस समारंभ टाळू लागतो, दिवसातून अनेकदा मोजमाप करू लागतो, तेव्हा तो स्वरूपाविषयीच्या ध्यासाचा आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. अशा व्यक्तीवर शस्त्रक्रिया केली तर समाधान क्वचितच मिळते, ध्यास दुसऱ्या अवयवावर सरकतो. जबाबदार शल्यचिकित्सक अशा वेळी सुरी हातात घेत नाहीत.

काका_होटगीरोड | 14 मार्च, दुपारी 12:05

त्याच्या आईशी बोलतो. आभारी आहे.

ध्रुवा_पुणे | 14 मार्च, रात्री 10:30

मूळची सोलापूरचीच, आता पुण्यात असते. दक्षिण कोरियात डोळा बाहेरच्या बाजूला लांब करून घेण्याची शस्त्रक्रिया सर्रास होते आणि तेथील मुली अगदी नैसर्गिक दिसतात. मग आपल्याकडे एवढी भीती का दाखवली जाते?

निवृत्त_नेत्रवैद्य | 15 मार्च, सकाळी 7:15

भीती दाखवण्याचा हेतू नाही. कोरियात ती बहुधा वरच्या पापणीची घडी आणि आतल्या कोपऱ्याची शस्त्रक्रिया यांच्या सोबतीने होते, कारण तेथील अनेकांच्या आतल्या कोपऱ्यावर त्वचेची घडी असते आणि डोळा आडवा आखूड दिसतो. आपल्याकडे ती घडी क्वचित असते, डोळा मुळातच लांब असतो. शिवाय बाहेरच्या बाजूला जागाच किती? खोबणीची कडा लगेच येते, त्यामुळे लांबी काही मिलिमीटरांपलीकडे वाढत नाही. कापलेल्या दोन कडा बऱ्या होताना एकमेकींना चिकटू पाहतात आणि मिळवलेली लांबी पुन्हा घटते किंवा कोपऱ्यावर त्वचेचा पडदा येतो. फार ओढले तर कोपऱ्यात आतला लाल भाग उघडा दिसतो. अनुभवी हातांतही हे घडते, फरक प्रमाणाचा असतो. टोकदार कोपरा गोल होणे ही तक्रार दुरुस्त करायला सर्वांत अवघड.

एक गोष्ट वर लिहायची राहिली. पापण्यांच्या कोणत्याही शस्त्रक्रियेनंतर अगदी विरळा, पण डोळ्यामागे रक्त साचू शकते. तीव्र वेदना, डोळा पुढे येऊन दगडासारखा ताठ होणे, दृष्टी झपाट्याने अंधुक होणे ही त्याची लक्षणे आहेत. दृष्टिपटलाला रक्तपुरवठा तुटल्यास साधारण 90 ते 120 मिनिटांत कायमचे नुकसान होते. गंमत अशी की त्यावरचा तातडीचा उपाय म्हणजे हाच बाहेरचा कोपरा कापून बंध सोडवणे, म्हणजे आतला दाब उतरतो. म्हणून शस्त्रक्रिया करून त्याच संध्याकाळी पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेसने सोलापूरला परत निघणे मला मान्य नाही. गाडी कुर्डुवाडीला पोहोचेपर्यंत वेळ निघून गेलेली असेल. निदान पहिली रात्र शस्त्रक्रियेच्या गावीच, रुग्णालयाच्या जवळ काढावी.

कोणाकडून करून घ्यावी, हाही प्रश्न होता. नेत्रशास्त्रातील एमएस आणि त्यावर ऑक्युलोप्लास्टीचे, म्हणजे पापण्या आणि डोळ्याभोवतालच्या शस्त्रक्रियांचे, प्रशिक्षण, किंवा प्लास्टिक सर्जरीतील एमसीएच आणि पापण्यांचा नियमित अनुभव, यांपैकी काहीही चालेल. नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे पडताळता येते. फलकावर नुसते "कॉस्मेटोलॉजिस्ट" असेल तर पुढे जाऊ नये.

माहेर_बार्शी | 15 मार्च, दुपारी 3:40

दुसऱ्या मतासाठी हैदराबादही सोयीचे आहे. माझ्या आत्याला पापणीच्या गाठीसाठी एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत नेले होते, तेथे पापण्यांचा स्वतंत्र विभाग आहे. आपल्याकडून गाड्याही आहेत.

कस्तुरी_जुळेसोलापूर | 2 एप्रिल, रात्री 9:55

मध्यंतरी दुसरे मत घेऊन आले, म्हणून लिहिते. पापण्यांचेच काम करणाऱ्या एका तज्ज्ञ डॉक्टरांनी सुमारे तासभर तपासले. खालची पापणी घट्ट आहे, सैलपणा अजिबात नाही. नेत्रगोल गालाच्या पुढे आहेत, म्हणजे आपण सांगितलेला पट्ट्याचा धोका माझ्या बाबतीत खरा आहे. चरबी काढण्यास त्यांनी स्पष्ट नकार दिला. या वयात काढली तर पुढे डोळे खोल जातील असे म्हणाले. कागदी पट्टीच्या तपासणीत पाच मिनिटांत दोन्ही बाजूंना 10 मिलिमीटरपेक्षा कमी ओल आली. दिवसभर वातानुकूलित खोलीत पडद्यासमोर बसणे आणि बाहेर हा उन्हाळा, त्यामुळे डोळे कोरडे आहेत आणि हा कोरडेपणा असताना कोपऱ्याला हात लावू नये, असे त्यांचे मत पडले.

मला अनपेक्षित होती ती शेवटची गोष्ट. माझ्या उजव्या भुवईचे बाहेरचे टोक डाव्यापेक्षा खाली आहे आणि त्याखालची त्वचा कोपऱ्यावर उतरते. त्यांनी बोटाने भुवई दोन-तीन मिलिमीटर वर धरली आणि आरसा दिला, तेव्हा उजवा डोळा डाव्यासारखाच दिसला. म्हणजे मी ज्याला कोपरा समजत होते, ते बरेचसे भुवईचे काम आहे. त्यावर मर्यादित उपाय आहेत, पण घाई नाही असे त्यांनी सांगितले. कोपरा खरोखर वर घ्यावा ही इच्छा माझ्या मनातून पूर्ण गेली, असे म्हणणार नाही. पुण्यातील केंद्राला मात्र नकार कळवला आहे.

सध्या कृत्रिम अश्रूंचे थेंब सुरू आहेत. पुढे भुवईचे काही करायचे ठरले, तर कोणता काळ निवडावा?

नवीपेठ_छायाचित्रकार | 3 एप्रिल, सकाळी 8:10

तोवर एक सुचवतो. उजवीकडच्या भुवईचे टोक थोडे कोरून वर घेतले आणि काजळाची रेघ खालच्या पापणीच्या टोकापर्यंत न नेता अलीकडेच थांबवली, तर छायाचित्रात उतार जवळजवळ जाणवत नाही. आमच्याकडच्या मेकअप करणाऱ्या मुली हे रोज करतात.

निवृत्त_नेत्रवैद्य | 3 एप्रिल, सकाळी 9:30

आपल्या डॉक्टरांनी उत्तम तपासणी केली आहे. मार्च ते मे हा काळ टाळावा. आपल्याकडे पारा 40 च्या वर असतो, घाम आणि धूळ टाक्यांना बाधते आणि कोरडेपणा वाढतो. नोव्हेंबर ते जानेवारी बरा, पण गड्ड्याच्या यात्रेतील धुळीत टाके असताना फिरू नये. कोरडेपणाचे उपचार निदान काही महिने नियमित करून पट्टीची तपासणी पुन्हा करावी. थेंब दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा लागत असतील, तर परिरक्षकविरहित (प्रिझर्व्हेटिव्ह नसलेली) बाटली मागावी. घरात कोणाचे जुने स्टिरॉइडचे थेंब असतील तर लालीसाठी ते घालू नयेत, त्याने डोळ्याचा दाब वाढू शकतो. शस्त्रक्रिया ठरलीच, तर ॲस्पिरिन, वेदनाशामके, माशाच्या तेलाच्या गोळ्या, आयुर्वेदिक काढे, जे काही चालू असेल ते सर्व डॉक्टरांना आधी सांगावे. यांतील कित्येकांनी रक्तस्राव वाढतो आणि कोणते कधी थांबवायचे हे त्यांनीच ठरवायचे असते.